तिसरा चमचा

"ताई, सौदा करू या." काकाने स्वयंपाकघराचं दार पायाने लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "तू माझ्या बाजूने रहा, मी तुझ्या बाजूने राहतो."

आत्या बटाटे सोलत होती. तिने मान वर केली नाही. "पोरगी एक, बाजू दोन. कापून वाटून घ्यायची आहे का?"

"वाटणीचं मागाहून बघू. आधी अण्णांच्या हातून तर सोडवू."

"सोडवू म्हणे. कैदेत आहे का ती?"

"उद्यापासून होईल."

आत्याने सुरी थांबवली. धाकटा भाऊ वेडपट होता, पण हे खोटं नव्हतं. उद्या सकाळी थोरल्या भावाच्या लेकीला, शिट्टीला, सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या शाळेत, प्राचार्यांपुढे उभं राहून सांगायचं होतं, शेवटच्या वर्षासाठी कुठलं सेवाक्षेत्र घेणार ते. कोणी चर्चची मंडळी सांभाळायचं शिकायचं, कोणी इस्पितळातली रुग्णसेवा, कोणी तुरुंग, कोणी उपासनेचं संगीत. एकदा घेतलं की माणूस जन्मभर त्याच वाटेने जायचा. आणि तिचे आजोबा, अण्णा, याच वर्षी चर्चच्या पाळकपदावरून निवृत्त होणार होते. त्यांच्या आधी त्यांचे वडील प्रवचनाच्या त्याच चौथऱ्यावर, त्याच पुलपिटावर उभे राहिले होते. पुढे कोण, हे मंडळीतलं कोणी विचारत नव्हतं. सगळे नुसते शिट्टीकडे बघून गोड हसत होते.

"मला ती वॉर्डात हवी आहे," आत्या म्हणाली. ती इस्पितळात वॉर्डाची सिस्टर होती आणि घरातही तिचा आवाज वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असाच असे. "आमच्याकडे पाळक येतो तो पावण्यासारखा. घड्याळ बघत प्रार्थना करतो. वहिनी आजारी होती तेव्हा शिट्टी यायची ना, तेव्हा शेजारच्या खाटांवरचे लोक तिची वाट बघायचे. काही बोलायची नाही. बसायची नुसती. ते शिकवून येत नाही बाबा कोणाला."

"आणि गळा शिकवून येतो का? माझ्या क्वायरमध्ये आता दमेकरी तेवढ्या उरल्यात. एक ओळ म्हटली की दोघी खाली बसतात."

"मग माझ्या वॉर्डात पाठव."

काका हसला, एक कच्चा बटाट्याचा काप तोंडात टाकला आणि तोंड वाकडं केलं. "ऐक. मी तिचा कागद पाहिलाय. हरवलेल्या मेंढरावर बोलणार आहे आज."

"मेंढरावर?" आता मात्र आत्या वळली. "म्हणजे अण्णांच्या आवडीचं बोलून त्यांनाच खूश करायचं चाललंय."

"म्हणजे घाबरलीय. म्हणून म्हणतो, एक चमचा तू वाजव, एक मी. दोन वाजले की भानावर येईल आणि मनातलं बोलेल. तिसरा काही वाजत नाही. अण्णा नातीवर वाजवणार नाहीत, आणि दादा तर चमचा खिशात घालून बसतो."

ही चमच्यांची रीत शिट्टीच्या पणजोबांची. घरातलं कोणी सेमिनरीत गेलं, की सेवाक्षेत्र निवडण्याआधी त्याने जेवणाच्या टेबलाच्या टोकाशी उभं राहून घरच्यांना प्रवचन द्यायचं. जेवण समोर, झाकलेलं, वाफाळतं. ज्याला कंटाळा येईल त्याने पाण्याच्या ग्लासावर चमचा वाजवायचा. एका माणसाला एकच वेळ. तिसरा चमचा वाजला की प्रवचन बंद, बोलणाऱ्याने खाली बसायचं, आणि त्याने कुठे जायचं ते घरातल्या वडीलधाऱ्याने ठरवायचं. शेवटपर्यंत पोचला तर तो मोकळा. जे निवडेल ते त्याचं. भुकेल्या माणसाला धरून ठेवता आलं तर जगातल्या कोणालाही धरता येईल, असं पणजोबा म्हणत. ते अर्थात जेवून उठल्यावर म्हणत.

शेवटपर्यंत पोचलेले एकटे अण्णाच. काकाला तिसऱ्या चमच्याने चर्चच्या पेटीवर नेऊन बसवलं होतं आणि त्याबद्दल तो त्या चमच्याला दुवा देत असे.

"ठरलं तर," आत्या म्हणाली. "पण मुद्दाम बोचेल असं वाजवू नकोस."

तिने खणातून वाढायचा मोठा चमचा काढला. मानेपाशी किंचित वाकलेला. हा वहिनीचा, शिट्टीच्या आईचा. प्रत्येक प्रवचनाला सगळे वहिनीकडे बघत आणि वहिनी म्हणे, "माझा चमचा कामात आहे, मला वाढायचंय," आणि तो भांड्यातच ठेवून देई. इतक्या वर्षांत तिने एकदाही मत दिलं नव्हतं. आत्याने चमचा धुतला. स्वच्छच होता, तरी धुतला. मग मोठ्या भांड्यात ठेवून वर झाकण घातलं.

*

शिट्टी आणि तिचे बाबा मागच्या अंगणातून बाक आणत होते. रविवारच्या शाळेचा बाक, मुलांनी खालून कोरून ठेवलेला. टेबलाभोवती खुर्च्या पुरेशा होत्या, पण एक खुर्ची रिकामी ठेवून बसण्यापेक्षा एका बाजूला सलग बाक टाकलेला बरा, असं बाबांनी सकाळीच ठरवलं होतं. का ते कोणी विचारलं नव्हतं.

"पाठ झालंय?" त्यांनी विचारलं.

"झालंय. तेच वाईट आहे. झोपेतसुद्धा म्हणू शकेन, आणि ऐकणाराही झोपेल."

"थांब, इथे टेकव जरा." ते धापा टाकत नव्हते, जहाजं ओढणाऱ्या टगबोटीच्या इंजिनखोलीत आयुष्य काढलेल्या माणसाला बाकाचं काय ओझं. त्यांना लेकीचा चेहरा नीट बघायचा होता. शिट्टी जन्मली तेव्हा बंदरावर पाळी सुटल्याची शिट्टी झाली होती. तेव्हापासून तिचं खरं नाव बाप्तिस्म्याच्या नोंदीत तेवढं उरलं होतं. "बंदराचं काढणारच नाहीस का आज?"

"कसं काढू?" ती बाकावर बसली. "आजोबांना वाटतंय मी पुलपिटावर उभी राहणार. आत्याला वाटतंय वॉर्डात. काका तर मला बघितलं की सूर लावतो. आणि मी सांगू की मला जहाजांवर जायचंय? बाबा, माहितीपत्रकात बंदरसेवा सगळ्यात शेवटी आहे. कित्येक वर्षांत कोणी घेतलेली नाही. खोडायचं राहून गेलं म्हणून आहे."

"मग तुझ्यासाठीच राहिलं असेल."

"प्राचार्यांना तसं नाही वाटत. ते म्हणाले, 'आई गेली त्या वर्षात असे निर्णय घेऊ नयेत. ही हाक आहे की नुसती आठवण, ते आधी तपासून पहा.'" ती बाकाच्या खालच्या कोरीव अक्षरांवरून बोट फिरवत होती. "त्यांचं चूक नाही. शाळा सुटली की मी आईच्या खलाशीघरातच असायचे ना. उद्या तिथे जाऊन बसले आणि कळलं की मला देवाचं काही नको होतं, त्या खोलीतली किटली हवी होती, तर?"

बाबांना ती खोली डोळ्यांपुढे आली. बंदराच्या फाटकाशी लांबट खोली, तीन टेलिफोन, खचलेले सोफे, आणि मध्ये किटली घेऊन फिरणारी त्यांची बायको. कुठकुठल्या जहाजांवरची माणसं तिथे येऊन घरी फोन करत आणि फोन झाल्यावर तिच्याशी बोलत. निम्म्यांची भाषा तिला कळत नसे. ती मान हलवी. त्यांना ते पुरत असे.

"मला नको विचारूस," ते म्हणाले. "मी प्रवचन देताना स्वतःच कंटाळलेला माणूस आहे."

शिट्टी हसली. ही गोष्ट तिला तोंडपाठ होती. बाबा तरुणपणी त्याच टेबलाशी उभे राहिले होते, दोन चमचे वाजले होते, आणि तिसरा वाजायच्या आत त्यांनी स्वतःचाच चमचा उचलून स्वतःच्याच ग्लासावर मारला होता. दुसऱ्या दिवशी ते टगवर कामाला लागले. पुढे घरात कोणीही प्रवचनाला उभं राहिलं, की ते आपला चमचा शर्टाच्या खिशात घालून वर हात ठेवत. आपल्या हातून कोणाचं काही थांबू नये म्हणून.

"आजसुद्धा खिशात?" तिने विचारलं.

"आज तर दोन्ही हात ठेवतो. चल, उचल."

*

अण्णांनी प्रार्थना थोडक्यात आटोपली. त्यांना घाई होती, आणि ती कोणाला दिसू नये याचीही घाई होती.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नात उभी होती. मागच्या खिडकीतून दुपारचं ऊन तिच्या खांद्यावर पडलं होतं, आणि तिथे, त्या खांद्यांवर, अण्णांना काळा झगा दिसत होता. नुसता दिसत नव्हता. तो त्यांच्या कपाटात तयार होता. मागच्या महिन्यात त्यांनी स्वतःचा झगा गुपचूप शिंप्याकडे नेला होता आणि तिच्या उंचीला आखूड करून आणला होता. शिंप्याने विचारलं होतं, "साहेब, एवढे आक्रसलात?" त्यावर त्यांनी फक्त खाकरून दाखवलं होतं. ही गोष्ट घरात कोणालाही ठाऊक नव्हती.

आज टेबलावर पाण्याऐवजी सरबताचे ग्लास होते. बाबांनी चमचा खिशात घातला. काकाने आपला चमचा रुमालाने पुसून उजळला, तशी आत्याने टेबलाखालून त्याला पाय मारला.

"सुरू कर," अण्णा म्हणाले.

शिट्टीने सुरुवात केली. आवाज चांगला होता, मांडणी चोख होती. मेंढपाळ कसा असतो. कळप म्हणजे काय. कळपाचे तीन गुण. अण्णा मान डोलवत होते, आणि पहिल्या गुणाच्या मध्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की हे तीन गुण आपलेच आहेत. गेल्या कित्येक वर्षांत आपणच ते पुलपिटावरून सांगितलेत. मुलीने आजोबांचं सामान आजोबांनाच आणून दिलं होतं. त्यांना बरं वाटायला हवं होतं. पण डोळ्यांवर पेंग आली.

टण्.

"सिस्टर!" काका दचकल्यासारखं करत म्हणाला.

"माझ्या पेशंटला एवढ्या वेळात झोप लागली असती," आत्या म्हणाली. "इंजेक्शनशिवाय. चालू दे बाळा."

शिट्टीचे कान लाल झाले. ती दुसऱ्या गुणावर आली. दुसरा गुण लांब होता.

टण्. काकाचा चमचा पेटीच्या वरच्या सुरात वाजला. "माफ कर ग. पण त्या मेंढराला आता सापडू दे. भाजी निवतेय."

दोन झाले. आता एक चमचा, आणि निर्णय तिच्या हातून जाणार होता. शिट्टीने कागदाकडे पाहिलं, मग वडिलांकडे. बाबांचे दोन्ही हात खिशावर होते. तिने कागदाची घडी घातली आणि ती ग्लासाखाली सरकवली.

"मागच्या आठवड्यात मी एका जहाजावर गेले होते," ती म्हणाली.

"कुठे?" अण्णा सावरून बसले.

"धक्क्यावर मालवाहू जहाज लागलंय ना, गंजलेलं, लाल. त्यावरच्या माणसांना खाली उतरायची परवानगी नाही. कागदपत्रांचा काहीतरी घोळ. कितीतरी दिवस समोर शहर दिसतंय आणि पाय लावता येत नाही. खलाशीघरातले म्हातारे पाळक आता शिडी चढू शकत नाहीत, म्हणून त्यांनी मला वर पाठवलं. बरोबर लोकरीच्या टोप्या, वर्तमानपत्रं आणि फोनची कार्डं. मी वर गेले, टोप्या वाटल्या. सगळे 'थँक्यू' म्हणाले आणि आपापल्या कामाला लागले. मला वाटलं, झालं, एवढंच. तर जहाजावरचा आचारी मागे आला. तो म्हणाला, 'पुन्हा येणार असाल तर एक वस्तू आणाल? झाड आणा.'"

"झाड?" आत्याने विचारलं.

"मीही तसंच म्हटलं. तो म्हणाला, अख्खं नको, तुकडा आणा. इथे सगळं लोखंड आहे, रंग आहे आणि पाणी आहे. हिरवं फक्त तेलाच्या डब्यावरचं चित्र. मग मी खाली उतरले, फाटकाबाहेर फुटपाथवरच्या झाडाची एक फांदी तोडली…"

"ते झाड नगरपालिकेचं आहे," काका म्हणाला.

"गप रे!" आत्या आणि अण्णा एकदम म्हणाले, आणि एकमेकांकडे पाहून दोघेही चपापले.

"फांदी काखेत धरून शिडी चढले. पहारेकरी विचारतो, हे काय? मी म्हटलं, पाहुणी आहे. वर गेल्यावर आचाऱ्याने सगळ्यांना हाक मारली. इंजिनातले आले, डेकवरचे आले, कप्तानसुद्धा आला. आणि मग, आजोबा, ती फांदी हातोहात फिरली. एकजण पान चोळून वास घेत होता. एकाने ती नुसती गालाला लावली. एवढे मोठे काळेकभिन्न हात, आणि पान गळू नये म्हणून असे धरलेले, जसं…"

टण्.

आवाज अगदी हलका होता. पण त्या टेबलावर तो कोणाच्याही कानातून सुटला नसता.

सगळ्यांनी आधी अण्णांकडे पाहिलं. अण्णांचा चमचा ताटाशेजारी जागेवर होता. मग सगळ्यांच्या नजरा फिरल्या. बाबा लेकीकडे एकटक बघत बसले होते, तोंड अर्धवट उघडं, आणि त्यांचा उजवा हात, खिशातून चमचा कधी काढला हे त्यांनाही न कळता, सरबताच्या तळाशी बसलेली साखर ढवळत होता.

"दादा!" आत्या ओरडली.

बाबांनी हाताकडे पाहिलं. चमचा निखारा असावा तसा टाकला. तो ग्लासावर आपटून आणखी एकदा वाजला.

"हा नाही धरायचा," ते उभेच राहिले. "अण्णा, मी ढवळत होतो. साखर बसली होती खाली. मी कंटाळलो नव्हतो! उलट मी…"

"चूक माझी," काका म्हणाला. "सरबत मी केलं. साखर विरघळली नाही."

"माझा चमचा मी परत घेते," आत्या म्हणाली. "म्हणजे दोनच उरले. संपला हिशोब."

"परत घ्यायला ती काय उसनी वाटी आहे?" अण्णांनी विचारलं.

"मग माझाही घ्या," काका म्हणाला. "एकच उरला."

"तुम्ही दोघांनी ठरवून वाजवलेत. मला काय ऐकू येत नाही? स्वयंपाकघराचं दार लोटलं की मला सगळं जास्त ऐकू येतं."

आत्या आणि काका यांच्या माना खाली गेल्या. बाबा अजून उभेच होते. इंजिनाचा सुटा पुरजा चुकीच्या जागी बसवल्यावर होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता. आयुष्यभर ज्या एका गोष्टीला जपलं, ती आजच हातून घडली होती, आणि तीही लेकीच्या बाबतीत.

"बाबा, बसा," शिट्टी म्हणाली. ती हसत होती. "तुम्ही ऐकत होतात. मी बघितलं."

"नियम म्हणजे नियम," अण्णा म्हणाले. "वाजला तो वाजला. तीन झाले. प्रवचन संपलं. बस खाली."

शिट्टी बाकावर बसली. आत्याने तोंडाला पदर लावला. आता अण्णा बोलणार, पुलपिट म्हणणार, आणि त्यावर कोणाचं काही चालणार नव्हतं. भांड्याच्या झाकणाखालून वाफ येत होती. अण्णांनी आपला चमचा उचलला, ताटाला समांतर ठेवला, पुन्हा उचलला.

"प्रवचन संपलं," ते पुन्हा म्हणाले. "आता सांग. त्या फांदीचं पुढे काय झालं?"

*

शिट्टीने बसूनच सांगितलं. फांदी आचाऱ्याने पाण्याच्या मगमध्ये घालून चुलीच्या वर, खिडकीशी ठेवली. मग त्याने सगळ्यांना वाढलं आणि तिलाही बसवलं. एकाचा वाढदिवस निघाला. गाणं सुरू झालं, प्रत्येकाचं आपल्या भाषेत, चार चाली एकमेकींच्या अंगावर.

"सूर?" काकाने वेदनेने विचारलं.

"एकही नव्हता, काका. तुला चक्कर आली असती. इतकं छान मी आजवर ऐकलं नाही."

"बायबलमधला उतारा कुठला वाचलास?" अण्णांनी विचारलं.

"वाचला नाही. आचाऱ्याने विचारलं, जेवणाआधी दोन शब्द म्हणाल का. मी म्हटले. मला वाटतं दोनच म्हटले."

"आणि आता ते जहाज?"

"परवा सुटणार. परवानगी मिळाली."

"परत कधी येणार?"

"बहुतेक कधीच नाही."

"मग तुला कळणार कसं?" अण्णांचा आवाज पुलपिटावरचा नव्हता. "त्या माणसांचं पुढे काय झालं, तू दिलंस ते रुजलं का, घरी पोचले का. कसं कळणार?"

"नाही कळणार, आजोबा."

अण्णांनी हातातला चमचा खाली ठेवला. त्यांना सगळ्यांचं कळलेलं होतं. ज्यांना बाप्तिस्मा दिला त्यांची लग्नं लावली, लग्नं लावली त्यांची मुलं हातात घेतली, आणि कित्येकांच्या कबरीशी उभे राहिले. सुनेच्याही. एकही गोष्ट अशी नव्हती जिचं शेवटचं पान त्यांनी पाहिलं नव्हतं. शेवट माहीत नसताना एखाद्याच्या हातात काही ठेवायचं आणि शिडी उतरून यायचं, हे आपल्याला जमलं असतं का? त्यांना प्रामाणिकपणे वाटलं, नसतं. आणि समोरच्या पोरीला ते जमतं, एवढंच नाही, ते सांगताना तिच्या चेहऱ्यावर आईच्या जाण्यानंतर पहिल्यांदाच असा उजेड आलाय.

आत्यालाही तेच दिसत होतं, आणि म्हणूनच तिला विचारणं भाग होतं. वॉर्डात ती असेच प्रश्न विचारत असे, दुखतं तिथेच बोट ठेवून.

"शिट्टी, खरं सांग. हे वहिनीसाठी करतेस का?"

बाबांनी डोळे मिटले.

शिट्टीने आत्याकडे पाहिलं. "मीही तेच विचारत होते स्वतःला. आता इथे बोलताना लक्षात आलं. आत्या, आई कधीच जहाजावर गेली नाही. एकदासुद्धा नाही. तिला त्या शिडीची भीती वाटायची. खाली फटीतून पाणी दिसतं ना, तिला घेरी यायची. ती खोलीत थांबायची, जो येईल त्याची वाट बघत. मला आईच हवी असती तर मी त्या खोलीत बसले असते. मला शिडी चढायला आवडते. एवढी हलते, तरी. वर कोण भेटेल माहीत नसतं, म्हणूनच आवडते. हे आईचं नाही. हे माझंच आहे."

"घेरीचं खरं आहे," बाबा हळूच म्हणाले. "मी एकदा टगवर ने म्हणून आग्रह केला, तर म्हणाली, तुमचं इंजिन धक्क्यावर आणा, मी बघते."

काका फसकन हसला. मग आत्या, डोळे पुसत. मग बाबा स्वतः, आणि हसता हसता त्यांचा हात पुन्हा चमच्याकडे गेला तेव्हा आत्याने तो चमचा हिसकावून आपल्या मांडीखाली ठेवला.

अण्णा उठले. आपल्या खोलीत गेले. कपाटाचं दार करकरलं. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातावर काळा झगा होता, इस्त्री केलेला. त्यांनी तो नातीच्या अंगाला लावून पाहिला. घोट्याच्या वर, बरोबर बसत होता.

"अण्णा, हा तर तुमचा," आत्या म्हणाली. "आखूड कसा झाला?"

"झाला," अण्णा म्हणाले.

शिट्टी झग्याकडे बघत राहिली. आखूड केल्याची नवी शिवण तिच्या बोटांना लागली. तिला कळलं, आणि हे किती दिवसांपासून ठरलेलं होतं तेही कळलं. "आजोबा," ती म्हणाली, "मी… मला वाटलं तुम्ही…"

"वडीलधाऱ्याने ठरवायचं, असा नियम आहे. मी ठरवलंय." अण्णांनी झग्याचा काठ उचलून दाखवला. "लांब झगा शिडीवर पायात येतो. माणूस पाण्यात पडतो. हा नाही येणार. उद्या प्राचार्यांना सांग, बंदरसेवा. आणि म्हणावं, खोडू नका."

आणि मग, उभेच होते म्हणून, शिवाय झगा हातात होता म्हणून, त्यांना राहवलं नाही. त्यांनी एक हात टेबलावर टेकवला, दुसरा उंचावला, आणि पुलपिटावरचा आवाज लावला.

"प्रियजनहो! आज या टेबलाशी आपण काय पाहिलं? पुलपिट लाकडाचं आहे, ते थांबेल. जहाज थांबत नाही. यातून आपल्याला तीन गोष्टी शिकायला मिळतात. पहिली गोष्ट…"

टण्, आत्याने वाजवला.

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, पण गाडी उतारावर होती. "पहिली गोष्ट अशी, की समुद्र…"

टण्, काकाने वाजवला, अगदी वरच्या सुरात.

अण्णांचा हात हवेतच राहिला. आयुष्यात त्यांच्यावर दोन चमचे कधी वाजले नव्हते. त्यांनी थोरल्या मुलाकडे पाहिलं. बाबांनी रिकामे हात पसरून दाखवले. त्यांचा चमचा आत्याच्या मांडीखाली होता. "दुसरी गोष्ट," अण्णा विजयी मुद्रेने म्हणाले.

शिट्टीने मोठ्या भांड्यावरचं झाकण उचललं. वाफ तिच्या तोंडावर आली. तिने आईचा चमचा काढला, मानेपाशी वाकलेला, आणि तो निथळत असतानाच आजोबांच्या ग्लासावर वाजवला.

त्याचा आवाज सगळ्यांहून जाड होता. कोणी तो आधी ऐकलाच नव्हता.

रस्सा टेबलावर सांडला होता. कोणी पुसायला उठलं नाही. बाबा त्या चमच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या गालावरून खाली येणारं पाणी त्यांनी येऊ दिलं.

"बसतो," अण्णा म्हणाले, आणि बसले. झगा त्यांनी नीट घडी घालून मांडीवर घेतला आणि ताट पुढे सरकवलं. "वाढ ग आता. त्याच चमच्याने वाढ."